साहेबांना उलटा फोन लावायचा, बरं का

अगं, यात्रीनिवासाच्या ट्रस्टमधलं हिशेबाचं टेबल तुझ्याकडे आलं हे कळलं आणि खूप बरं वाटलं. मग रात्री झोप येईना. बँकेचं लॉगिन, बुकिंगचा मेल, ट्रस्टचा व्हॉट्सॲप नंबर, जीएसटीचा पासवर्ड, अध्यक्षांच्या डिजिटल सहीचं टोकन, सगळं आता तुझ्या एकाच ड्रॉवरमध्ये. आणि तेही उज्जैनसारख्या गावात, जिथे महाकाल लोक २०२२ च्या ऑक्टोबरात खुलं झाल्यापासून भस्म आरतीची आणि खोल्यांची चौकशी रात्रंदिवस चालू असते. त्यात २०२८ चा सिंहस्थ येतोय. यात्रेकरूंच्या आधी चोरटे पोहोचतात, हा यात्रेच्या गावांचा जुना अनुभव. पूर्वी ते रामघाटावर खिसे कापायचे, आता तुझ्या इनबॉक्समध्ये येऊन बसतील.

दार लोटून घे आणि ऐक. माझी सगळी नोकरी हिशेबाच्या खात्यात गेली, तेव्हा कॉम्प्युटरचं मी चार शब्दांत सांगेन, पण हिशेबाच्या टेबलावर बसणारीच्या मनाचं मला नक्की कळतं. आणि हल्ला होतो तो त्या मनावरच.

तुझ्या डोळ्यांपुढे हॅकर म्हणजे अंधाऱ्या खोलीत हिरव्या अक्षरांपुढे बसलेला कुणी पोरगा असेल. पुण्यात २०२२ च्या सप्टेंबरमध्ये काय झालं ते सांगते. सीरम इन्स्टिट्यूट, जगभर लशी पुरवणारी कंपनी. तिच्या एका संचालकांना व्हॉट्सॲपवर निरोप आला, पाठवणारे आदर पूनावाला. अमुक अमुक खात्यांवर लगेच पैसे पाठवा. निरोप हिशेब खात्याकडे गेला, पैसे गेले, १ कोटी १ लाखाच्या वर. मागाहून कळलं की पूनावालांनी असा निरोप पाठवलाच नव्हता. पुढे बंडगार्डन पोलिसांकडे गुन्हा नोंदला गेला. यात कुणी सर्व्हर फोडला नाही, व्हायरस सोडला नाही. एक नंबर, त्यावर मालकांचं नाव, आणि एक हुकूम. एवढ्यावर काम झालं.

का झालं, ते तुला-मला चांगलं कळतं. मालकांचा निरोप आल्यावर 'खरंच तुम्हीच का?' असं उलट विचारायची आपल्याकडे रीत नाही. घरात मोठ्यांना उलट बोलायचं नाही हे शिकून आपण ऑफिसात येतो, आणि तिथे ज्याला फार प्रश्न पडतात त्याला आगाऊ म्हणतात. बायकांना तर जरा जास्तच म्हणतात. भामट्यांना आपली ही भीड आपल्यापेक्षा नीट माहीत आहे. म्हणून त्यांच्या निरोपात ठरलेल्या गोष्टी असतात बघ. साहेब मीटिंगमध्ये आहेत, फोन उचलू शकत नाहीत. काम तातडीचं आहे. सध्या कुणाला सांगू नकोस, नंतर मी स्वतः बोलेन. आणि खातं नवीन आहे. या चारांतल्या दोन गोष्टी एका निरोपात दिसल्या की हात कीबोर्डवरून उचलायचा आणि फोन घ्यायचा.

फोन कुठल्या नंबरवर लावायचा, हे नीट ऐक. निरोपात दिलेल्या नंबरवर नाही. तुझ्या वहीत आधीपासून लिहिलेल्या नंबरवर. वही म्हणजे खरीखुरी वही, कागदाची. अध्यक्ष, खजिनदार, सीए, बँकेच्या शाखेतले साहेब, मोठे पुरवठादार, सगळ्यांचे नंबर एकदा समोरासमोर विचारून त्यात लिहून ठेव. मोबाइलमधलं नाव आणि फोटो कुणीही लावू शकतं. खजिनदार काकांचा गोपाळ मंदिरापुढे काढलेला फोटो त्यांच्या फेसबुकवर सगळ्या जगाला उघडा आहे, तो उचलून व्हॉट्सॲपला लावायला किती वेळ लागतो?

'मी काकांचा चेहरा ओळखते, आवाज ओळखते,' असं म्हणशील. हाँगकाँगमध्ये अरुप नावाच्या ब्रिटिश बांधकाम-सल्लागार कंपनीच्या ऑफिसातला एक कर्मचारीही असाच हुशार होता. गुप्त व्यवहाराचा मेल आला तेव्हा त्याला संशय आला होता, हे लक्षात ठेव. मग त्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं. समोर कंपनीचे वित्तप्रमुख, शेजारी ओळखीचे सहकारी. संशय गेला. त्याने १५ वेळा मिळून २० कोटी हाँगकाँग डॉलर पाच खात्यांत पाठवले. कॉलवरचा तो सोडून एकही माणूस खरा नव्हता, सगळे चेहरे आणि आवाज यंत्राने बनवलेले. ही गोष्ट २०२४ च्या सुरुवातीला बाहेर आली. तेव्हा चेहरा दिसला, आवाज ऐकला, म्हणून खात्री झाली असं आता धरायचं नाही. खात्री होते ती तू स्वतः लावलेल्या फोनमुळे, कारण तो कुठे लागतो हे तू ठरवलेलं असतं, समोरच्याने नव्हे.

पूर्वी आपण म्हणायचो, फसव्या मेलमधलं इंग्रजी कच्चं असतं, हिंदी विचित्र असतं, त्यावरून कळतं. ते दिवस संपले. एआयला सांगितलं की तो उज्जैनच्या सरकारी पत्राची हिंदी लिहितो, पुण्याच्या बँकेचं मराठी लिहितो, शुद्धलेखनासह. खरं तर एखादं पत्र फारच नेटकं आलं तर मला हल्ली जास्त शंका येते. आपल्या ऑफिसांत इतकं सुंदर कोण लिहितं?

आता पुरवठादारांचं. यात जास्त पैसे जातात आणि बोभाटा कमी होतो. गाद्या-चादरींचं बिल देणारा, सोलर पॅनेल बसवणारा, लिफ्टवाला, यांच्यापैकी कुणाचा तरी मेल येईल: आमचं खातं बदललं, सोबत नवीन लेटरहेड आणि कॅन्सल्ड चेक जोडला आहे. मेल त्यांच्याच पत्त्यावरून आलेला असेल, जुन्या मेलच्या साखळीतच खाली लिहिलेला असेल, बिलाची रक्कमही बरोबर असेल. कारण त्यांचाच मेलबॉक्स कुणीतरी उघडून आठवडाभर शांतपणे वाचत बसलेलं असतं आणि बिल निघायच्या दिवशी मध्ये शिरतं. गूगल आणि फेसबुक या कंपन्यांनाही लिथुआनियाच्या एका माणसाने २०१३ ते २०१५ मध्ये असंच गंडवलं. क्वांटा नावाच्या तैवानच्या खऱ्या पुरवठादार कंपनीच्या नावाने खोटी बिलं पाठवली आणि १० कोटी डॉलरांहून जास्त रक्कम उकळली. ज्यांच्या दारातून जगाचे मेल जातात त्यांच्या हिशेबनिसांनी ती बिलं भागवली, म्हणजे तुला-मला कमीपणा वाटायचं कारण नाही. आपण मात्र एक करायचं. खात्याचा बदल मेलवर स्वीकारायचा नाही, म्हणजे नाहीच. जुन्या नंबरवर फोन, मालकाशी बोलणं, आणि नव्या खात्यावर आधी एक रुपया पाठवून तो पोचल्याचं त्याच्या तोंडून ऐकणं. लिफ्टवाला चिडला तर चिडू दे, लिफ्ट तशीही महिन्यातून दोनदा बंद असते.

बँकेत जाऊन आणखी एक विचार. कॉर्पोरेट नेट बँकिंगमध्ये मेकर-चेकर अशी सोय असते, एकाने व्यवहार भरायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा. लहान संस्थांमध्ये ही सोय कागदावर असते, पण प्रत्यक्षात दोन्ही लॉगिन एकाच मुलीकडे असतात. कारण खजिनदार काकांना 'ते कॉम्प्युटरचं जमत नाही.' त्यांना जमवायला लाव. मोबाइलवर मंजुरी द्यायला जितकं लागतं तेवढं त्यांना येतं, ते रोज शंभर गुड मॉर्निंग पाठवतात.

इथे तुला आपल्याच गावची गोष्ट आठवत असेल. भैरवगडच्या केंद्रीय तुरुंगात कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीतले कोट्यवधी रुपये परस्पर काढले गेल्याचं २०२३ च्या मार्चमध्ये उघड झालं. बाहेरून कुणी आलं नव्हतं. आरोप ऑफिसातल्याच माणसांवर झाले, आणि प्रश्न उभा राहिला तो हा की कुणाचं लॉगिन, कुणाचा पासवर्ड कोण वापरत होतं. पहारेकऱ्यांची आयुष्यभराची जमा, आणि तीही उंच भिंतींच्या आतून गेली. त्या प्रकरणात कोर्ट काय म्हणेल ते म्हणेल. तू मात्र अध्यक्षांच्या डिजिटल सहीचं ते यूएसबी टोकन आजच त्यांना परत दे, पाकिटावर लिहिलेल्या पासवर्डसकट. सीएच्या ऑफिसातल्या खणात पडलं असेल तर तिथूनही आण. ते टोकन म्हणजे त्यांची सही आहे. उद्या त्यांच्या सहीने काही भलतं झालं तर पहिलं बोट खण ज्याचा त्याच्याकडे जातं, आणि तेव्हा 'मला तर सगळे सांगायचे तसं मी करत होते' हे कुणी ऐकून घेत नाही.

थोडं यंत्राचं बोलू, कारण नव्या युक्त्या तुला माहीत हव्यात.

ओटीपी आहे म्हणजे आपण सुरक्षित, ही समजूत जुनी झाली. हल्लीचं खोटं लॉगिन-पान नुसतं खोटं नसतं, ते मधला दलाल असतं. तू पासवर्ड टाकतेस, ते पान तोच पासवर्ड त्याच क्षणी खऱ्या साइटवर टाकतं. खरी साइट तुला ओटीपी पाठवते, तू तो खोट्या पानावर भरतेस, ते पुढे सरकवतं. तुला तुझा मेल उघडलेला दिसतो, आणि त्याच वेळी तुझ्या नावाचं उघडं सत्र चोराच्या हातात जातं. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये अशा एकाच मोहिमेचा माग काढला, तेव्हा निशाण्यावर १०,००० हून जास्त संस्था निघाल्या. यावर बरा उपाय म्हणजे पासकी किंवा छोटी सुरक्षा-किल्ली. त्यांचं काम असं चालतं की किल्ली ज्या पत्त्यासाठी बनवली त्याच पत्त्याला उघडते. पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे असलं तर माणूस फसतो, कारण 'आर' आणि 'एन' ही इंग्रजी अक्षरं शेजारी बसली की 'एम' दिसतो. किल्लीला ते दिसत नाही, ती अक्षरशः पत्ता जुळवते आणि नाही जुळला तर गप्प बसते. गूगलने आपल्या ८५,००० हून जास्त कर्मचाऱ्यांना २०१७ मध्ये अशा किल्ल्या सक्तीच्या केल्या, आणि पुढच्या वर्षी सांगितलं की त्यानंतर कुणाचंही कामाचं खातं फिशिंगने गेल्याची नोंद नाही. मला ही किल्ली फार आवडते. तिला भीड पडत नाही, घाई होत नाही, साहेबांचा राग येईल असं तिला वाटत नाही. ट्रस्टच्या मुख्य मेलला आणि ज्या मेलवर सगळ्या पासवर्डांचे बदल येतात त्याला तरी ती आधी लाव. मेल गेला की मागोमाग बाकी सगळं जातं.

दुसरी युक्ती अगदी नवी आहे, आणि हुशार पोरं तिला जास्त बळी पडतात. एखाद्या साइटवर 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' असा चौकोन येतो. त्यावर क्लिक केलं की सूचना येते: विंडोजचं बटण आणि 'आर' दाबा, मग कंट्रोल आणि 'व्ही', मग एंटर. इतकंच. पण त्या क्लिकबरोबर त्यांनी एक आज्ञा तुझ्या क्लिपबोर्डवर ठेवलेली असते, आणि तू ती स्वतःच्या हाताने आपल्या मशीनला देतेस. अँटीव्हायरस कितीदा तरी गोंधळतो, कारण आज्ञा मालकिणीनेच दिलेली असते. लक्षात ठेव, कुठलीही खरी साइट तुला बटणं दाबून काही चिकटवायला सांगत नाही.

रिसेप्शनवरच्या मुलाला वेगळं सांग. त्याच्या फोनवर 'आरटीओ चलन' किंवा 'लग्नपत्रिका' अशा नावाने फाइल येईल, शेवटी एपीके लिहिलेलं. ती पत्रिका नाही, ते ॲप आहे. ते एकदा बसलं की त्याचे एसएमएस वाचेल, म्हणजे ओटीपीही वाचेल. आणि ट्रस्टचा व्हॉट्सॲप त्याच फोनवर चालत असेल तर तुझ्या सगळ्या यात्रेकरूंना पुढची लग्नपत्रिका ट्रस्टकडून जाईल. काउंटरवरचा क्यूआर रोज सकाळी एकदा स्कॅन करून नाव बघायला लाव. वरून दुसऱ्याचा क्यूआर चिकटवून जायला मिनिटही लागत नाही, आणि देणगीच्या पेटीजवळ तर कुणी बघतही नाही.

मेलच्या पत्त्याचंही एक काम आहे. ते तू स्वतः करू नकोस, वेबसाइट बनवणाऱ्याकडून करून घे, पण काय मागायचं हे कळायला हवं. मराठेशाहीत पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला तिथे मोर्तब, म्हणजे खाली कुणी चार ओळी घुसडू शकत नसे. मोडीतली जुनी पत्रं कुठे पाहायला मिळाली तर बघ. मेलमध्ये असं काही मुळात नव्हतंच. कुणीही उठून तुझ्या ट्रस्टच्या पत्त्यावरून मेल पाठवल्याचं नाटक करू शकत होतं. मग तीन गोष्टी आल्या. एसपीएफ सांगतं की आमच्या नावाने कुठल्या सर्व्हरवरून पत्र निघू शकतं, डीकेआयएम प्रत्येक पत्रावर नक्कल न करता येणारी मुद्रा उठवतं, आणि डीमार्क घेणाऱ्याला सांगतं की या तपासांत न टिकणारं पत्र आलं तर काय करायचं. बहुतेक ठिकाणी डीमार्क बसवतात आणि 'काहीही करू नका, फक्त कळवा' यावर ठेवून विसरून जातात. वेबसाइटवाल्याला विचार, आपलं कशावर आहे. सुरुवातीला बघण्यावर ठेवून, आपले खरे मेल सगळे नीट जाताहेत याची खात्री झाली की 'नाकारा'वर न्यायचं. तो म्हणेल गरज नाही. गरज आहे.

कारण तुझ्या ट्रस्टच्या नावाने लोक फसणार आहेत, तू काही केलं नाहीस तरी. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने २०२५ च्या एप्रिलमध्ये याच बाबतीत इशारा दिला होता. केदारनाथचं हेलिकॉप्टर, चारधामच्या खोल्या, सोमनाथचं अतिथीगृह अशा नावांनी खोट्या वेबसाइटी, फेसबुकची पानं आणि गूगलच्या जाहिराती चालतात, माणूस आगाऊ पैसे भरतो आणि मग नंबर बंद. महाकालाचं गाव त्या यादीच्या बाहेर कसं राहील? जळगावहून, नांदेडहून एखादं म्हातारं जोडपं पहाटे देवास गेटला उतरेल, रिक्षा करून तुमच्या दारात येईल आणि पावती दाखवेल. ती पावती तुझी नसेल, पण शिव्या तुला बसतील आणि त्यांना परत पाठवणंही जिवावर येईल. म्हणून दर सोमवारी गूगलवर आपल्या यात्रीनिवासाचं नाव टाकून बघ, जाहिरातींसकट. नकाशावरचा आपला फोन नंबर तपास. २०१८ मध्ये ठाणे-मुंबईकडे गूगल मॅपवर बँकेच्या शाखांचे नंबर बदलून भामट्यांनी आपले टाकले होते आणि लोक विश्वासाने त्यांनाच पिन सांगत होते. मिळताजुळता डोमेन स्वस्तात मिळत असेल तर घेऊन ठेव. आणि वेबसाइटवर, पावतीवर, व्हॉट्सॲपच्या पहिल्या उत्तरात एकच ओळ: पैसे फक्त ट्रस्टच्या नावाच्या खात्यात, कुणा व्यक्तीच्या नावाने कधीही नाही.

बँकांचं म्हणशील तर तिथे थोडी सोय झालीय. रिझर्व्ह बँकेने बँकांना त्यांचे वेबपत्ते ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर न्यायला सांगितलं होतं, आणि ग्राहकांना करायच्या सेवेच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर. दुसऱ्या कुठल्या मोबाइल नंबरवरून 'मी शाखेतून बोलतोय, केवायसी संपतंय' असं कुणी म्हणालं की 'मी शाखेत येते' म्हण आणि ठेव. फ्रीगंजपर्यंत चालत दहा मिनिटं.

मोठ्या यंत्रणांना काय होतं हे तुला माहीत असावं म्हणून कॉसमॉसचं सांगते. १९०६ ची पुण्याची सहकारी बँक, कितीतरी मराठी घरांच्या ठेवी तिथे. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. दोन-सव्वादोन तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले, आपल्याकडे कोल्हापुरातही. सोमवारी आणखी १३ कोटी ९२ लाख बँकांच्या स्विफ्ट यंत्रणेतून हाँगकाँगला. एकूण ९४ कोटींच्या वर. बँकेच्या एटीएमची विनंती तपासून हो-नाही म्हणणारा जो स्विच असतो, त्याच्या जागी चोरांनी आपला खोटा स्विच उभा केला होता आणि तो प्रत्येकाला हो म्हणत होता. सुरुवात कुणा कर्मचाऱ्याने उघडलेल्या फसव्या मेलमधून झाली असावी, असा जाणकारांचा कयास आहे. पुण्याच्या कोर्टाने २०२३ मध्ये ११ जणांना शिक्षा दिली, पण ते पैसे काढणारे हात होते. डोकं उत्तर कोरियात असल्याचं म्हटलं जातं, तिथवर पुण्याचं समन्स जात नाही. शनिवार का, हे मात्र लक्षात घे. सुट्टीला ऑफिस रिकामं असतं. २०१६ मध्ये बांगलादेश बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर गेले तेही सुट्ट्या बघूनच, आणि तिथली सुरुवात नोकरी मागणाऱ्या एका सभ्य मेलने झाली होती. तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी आलेली घाई आणि महाशिवरात्रीच्या गर्दीत आलेली घाई, दोन्ही सोमवारपर्यंत थांबू शकतात.

आता एका आश्रमाचं. ग्वाल्हेरच्या रामकृष्ण मिशनच्या सचिवांना २०२५ च्या मार्चमध्ये नाशिक पोलिसातून बोलतोय असं सांगून फोन आला. मनी लाँडरिंगमध्ये तुमचं नाव आहे, व्हिडिओवर राहा, कुणाशी बोलू नका. २६ दिवस. अडीच कोटींच्या वर रक्कम खात्यामागून खात्यांत गेली. संन्यासी माणूस, शिकलेला, संस्था चालवणारा. मला त्यांना हसावंसं वाटत नाही. 'डिजिटल अरेस्ट' नावाची अटक कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी २०२४ च्या ऑक्टोबरात रेडिओवर सांगितलं होतं, पण भीती बसली की ऐकलेलं आठवत नाही. मला खटकतं ते दुसरंच. २६ दिवस मोठ्या रकमा जात होत्या, आणि त्या वाटेवर 'स्वामीजी, हे काय चाललंय' असं विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. त्याच पैशांचा माग काढत पोलीस आपल्या जिल्ह्यात नागद्यापर्यंत आले होते, माहितीये ना? कारण गेलेला पैसा आधी कुणाच्या तरी भाड्याने घेतलेल्या खात्यात उतरतो. म्हणून रिसेप्शनवरच्या त्या मुलाला हेही सांग. 'तुझं खातं आठवडाभर वापरायला दे, पाच हजार देतो' असं कुणी म्हणालं तर ती गंमत नाही. पोलीस पहिल्यांदा ज्याच्या दारात येतात तो खातेदारच असतो.

आणि हे सगळं करूनही एखाद्या दिवशी पैसे गेलेच, तर रडायला नंतर वेळ आहे. आधी १९३० ला फोन लाव. हा सरकारी नंबर, देशात कुठूनही. सोबत व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ तयार ठेव, कारण ते तेच विचारतात आणि त्यावरूनच पुढच्या बँकेत पैसे अडवता येतात. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत असतात, म्हणून पहिला तास फार मोलाचा. लगेच आपल्या बँकेला सांग आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार भर. मशीनमध्ये काही शिरलं असं वाटलं तर नेटची वायर काढ, पण कॉम्प्युटर बंद करू नकोस आणि गल्लीतल्या पोराकडून फॉरमॅट तर मुळीच करून घेऊ नकोस, त्यातच पुरावा असतो. सर्ट-इन नावाची केंद्राची संस्था आहे, तिच्या २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. आपल्यासारख्या संस्थांमध्ये हे कुणाला ठाऊकच नसतं, सीएला विचारून ठेव.

या तासाभरात सगळ्यात जास्त नुकसान कशाने होतं सांगू? लपवण्याने. ज्या मुलीने चुकीचं बटण दाबलं ती दुपारपर्यंत कुणाला सांगत नाही, कारण ऑफिसात सगळ्यांसमोर तिची शोभा होईल याची तिला खात्री असते. तू आता टेबलाची प्रमुख आहेस, तुझ्या हाताखाली दोघं-तिघं येतील. त्यांच्यापैकी कुणी येऊन म्हणालं, 'दीदी, मी त्या लिंकवर क्लिक केलं,' तर त्या क्षणी तुझा चेहरा कसा होतो यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. 'बरं झालं लगेच सांगितलंस' एवढंच म्हण. शिकवायचं ते दोन दिवसांनी.

पुढच्या सभेत एक ठराव मांड, भाषा मी तुला सांगते: 'पंचवीस हजारांवरील कोणतेही नवे देयक, तसेच कोणत्याही रकमेचा खाते-बदल, नोंदवहीतील क्रमांकावर प्रत्यक्ष बोलणे झाल्याशिवाय केला जाणार नाही; असे विचारणाऱ्या कर्मचाऱ्यास कोणताही पदाधिकारी दोष देणार नाही.' दुसरं वाक्य गाळू देऊ नकोस, खरा ठराव तोच आहे. खजिनदार काका उखडतील, 'म्हणजे माझ्यावर विश्वास नाही का?' म्हणतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांना सीरमची गोष्ट सांग, आणि विचार की उद्या तुमच्या नावाने असाच निरोप आला तर मी पाठवून देऊ का. तरीही नाहीच पटलं, तर हा मुद्दा ऑडिटरच्या तोंडून काढ. तो इंदूरहून येतो ना, सूट घालून? त्याचं ते ऐकतात.